लोर्ना हिएताला आणि मोफत तपासणी

पंचवीसएक वर्षं लोर्ना हिएताला टॅमरॅक गावातल्या, घरं ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या बसवणाऱ्यांच्या दुकानात फोन उचलत होती. थंडीत कुणाच्या तळघरातली भट्टी बंद पडली की घाबरलेला आवाज आधी तिच्या कानी पडायचा, आणि लोर्ना त्याला दम घ्यायला सांगून तीन गोष्टी विचारायची. भट्टीचं जिन्यावरचं बटण कुणी दिव्याचं समजून बंद केलंय का? हवेची गाळणी शेवटची कधी बदलली? आणि भट्टीचा धूर सोडायला घराच्या भिंतीतून बाहेर काढलेली पांढरी नळी बर्फानं बुजलीय का? निम्म्या लोकांच्या भट्ट्या तेवढ्यावरच पेटायच्या. माणूस पाठवायला नको, बिल नको. म्हातारा मालक एल्मर स्कोग्लंड म्हणायचा, ज्याचे पैसे आज वाचवले तो भट्टी खरंच मोडेल तेव्हा दुसऱ्याच्या दारात जात नाही. या धोरणापायी एल्मर काही भिकेला लागला नाही.

मग एल्मर थकला आणि त्यानं धंदा शहरातल्या लोकांना विकला. त्यांनी पाटी तीच ठेवली, गाड्यांवरचं नाव तेच ठेवलं, कारण गावाचा विश्वास त्या नावावर होता. आतला कारभार मात्र पार फिरवला. वरून कीर्तन, आतून तमाशा. फोनवर कुणाला काही सुचवायचं नाही, हा नव्या मॅनेजरचा, कर्टिसचा, पहिला हुकूम. 'आमचा तज्ज्ञ येतोय,' एवढंच म्हणायचं. तज्ज्ञ कसले, विक्रेतेच ते! दुरुस्तीला गेलेल्या पोराची कमाई त्यानं किती भट्ट्या दुरुस्त केल्या यावर नाही, किती नव्या गळ्यात मारल्या यावर ठरायची. नवी भट्टी खपली की दुकानात टांगलेली घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. लोर्ना टाळ्या वाजवत नसे. तेवढाच तिचा निषेध. नवऱ्याच्या औषधपाण्याचा विमा तिच्या नोकरीवर चालला होता आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण इथं नाक दाबून तोंड बंद ठेवायची सोय केलेली होती.

जानेवारीतल्या मोठ्या वादळानंतर आर्विड निस्कालाचा फोन आला. आर्विड म्हणजे लोर्नाच्या बापाचा खाणीतला जोडीदार, वय ब्याऐंशी, बायको गेलेली, घर गावाबाहेर टेकाडावर. तिथं उत्तरेचा वारा सगळा बर्फ भिंतीवर आणून रचतो. नळी बुजली असणार, हे लोर्नाला फोनवरच कळलं. पण कर्टिस खुर्चीमागे उभा होता. 'तज्ज्ञ येतोय,' असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. वाजवणारा होता ब्रोडी विकस्ट्रॉम, गावातलाच पोरगा, गोरागोमटा, बोलायला गोड. आर्विडच्या भट्टीची आतली पेटी तडकलीय, त्यातून विषारी वायू घरात येतोय, आज रात्री झोपलात तर उद्या उठाल याची खात्री नाही, असं त्यानं म्हाताऱ्याला सांगितलं होतं. गॅस बंद करून भट्टीला 'धोका, पेटवू नका' अशी लाल चिठ्ठी लटकवली होती. साडेअकरा हजार डॉलरच्या नव्या भट्टीवर सही घेतली होती, आणि मेहेरबानी म्हणून विजेच्या दोन छोट्या शेगड्या ठेवून आला होता. बाहेर उणे तीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे निदान मढं होईपर्यंत तरी थांबतात!

काम सुटल्याबरोबर लोर्नानं गाडी थेट टेकाडावर नेली. घरात शिरायच्या आधी ती मागच्या बाजूला गेली. पांढरी नळी कुठं दिसतच नव्हती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आर्विड त्या बाजूला फिरकत नव्हता, नाहीतर खाणीत जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगायची वेळ आली नसती. तिनं खोऱ्यानं बर्फ उकरून नळी मोकळी केली. पण लाल चिठ्ठी लावलेली भट्टी आपल्या मनानं पेटवायची नसते, हे तिला ठाऊक होतं. तिनं गॅस पुरवणाऱ्यांना फोन लावला. ते वायूची गळती तपासायला येतात, पैसे घेत नाहीत, आणि त्यांच्याकडे विकायला भट्टी नसते, म्हणून खरं बोलतात. त्यांचा माणूस आला. त्यानं भट्टी उघडून पेटी आतून पाहिली, पेटवून यंत्र लावलं, घरभर फिरवलं. तडा नाही, वायू नाही. चिठ्ठी काढून तो गेला, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या जमिनीतल्या जाळीतून ऊन हवा यायला लागली.

आर्विड अंगातला कोट न काढता टेबलाशी बसला होता. त्यानं लोर्नाला कॉफी ओतली. ती त्याला भडाभडा सांगत सुटली. भट्टी जेमतेम बारा वर्षांची आहे. पेटी खरंच तडकली असती तरी बनवणाऱ्याची तिच्यावर वीस वर्षांची हमी आहे, मजुरीपुरते पैसे पडले असते, हे ब्रोडीनं सांगितलं का? दुसऱ्या कुणाला दाखवून मग ठरवा, असं म्हणाला का? आणि घरी येऊन गळ्यात मारलेला सौदा कामाच्या तीन दिवसांत मोडता येतो. कायदाच आहे तसा, कागदाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलाय. 'नको' अशी एक ओळ लिहून पाठवली की सुटलात.

"हातात हात देऊन शब्द दिलाय मी त्याला," आर्विड म्हणाला.

"खोटं बोलून घेतलेला शब्द तो. कसला पाळताय?"

"तो खोटं बोलला ते त्याचं पाप. मी सही केली ती माझी अक्कल. आता या वयात गावभर कशाला सांगत फिरू, मला फसवलं म्हणून?"

"आणि पैसे?"

"तळ्यावरची केबिन काढतो विकायला. हिल्मा गेल्यापासून जातंय कोण तिथं."

ती केबिन त्यानं आणि त्याच्या बायकोनं, हिल्मानं, एकेक फळी वाहून बांधली होती. लोर्नाचा संताप आता दोन्हीकडे फुटला. या गावच्या म्हाताऱ्यांची हीच रीत. पाय मोडला तरी 'तितकंसं वाईट नाही' म्हणायचं, लुबाडलं तरी लाजून आपणच मान खाली घालायची. आणि ही लाज कर्टिसला तोंडपाठ होती. त्याचा धंदाच तिच्यावर उभा होता! लोर्नानं डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना.

"पोरगा तसा वाईट नाही गं," आर्विड तिची समजूत घालायला गेला. "शंभर डॉलर कमी केले त्यानं. ओळखीतल्या कुणाचं नाव द्या म्हणाला, मी इर्याचं दिलं."

इर्या म्हणजे हिल्माची धाकटी बहीण. एकटी राहते, आणि दारात आलेल्याला कॉफी-पाव खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. समोरच्यानं बोट ठेवलं तिथं सही करेल अशी बाई.

लोर्ना एकदम शांत झाली. "उद्या दहाला ब्रोडी तिच्याकडे जातोय," ती म्हणाली. "मोफत तपासणीला. आवळा देऊन कोहळा काढायला. वेळ मीच लावलीय, आर्विड."

आर्विडनं कप खाली ठेवला.

"म्हणजे तिच्या घरात त्याला मी घातला," तो म्हणाला. मग त्यानं ती 'नको'ची ओळ लिहायला पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ब्रोडीचा फोन दुकानात आला. कर्टिसला प्रत्येक फोन स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईलसा ठेवायची हौस, त्यामुळे लोर्नालाही ऐकू आलं. इर्याच्या दारात गाडी वळते बरोबर तिथं आर्विड बसला होता. बर्फावर मासे धरायला नेतात ती घडीची खुर्ची, शेजारी थर्मास, अंगात युनियनचं जुनं जाकीट.

"म्हणतो, ही संपाची रांग आहे," ब्रोडी म्हणाला. त्याचा गोड आवाज गेला होता.

"किती जण आहेत?" कर्टिसनं विचारलं.

"एकटाच आहे."

"मग रांग कसली? बाजूनं घाल गाडी."

कर्टिस शहरातला, त्याला काय कळणार? या खाणींच्या गावांत संपकरी कामाची वाट अडवून धरतात ती रांग डोकी मोजून ठरत नाही. ती ओलांडून जे कामावर गेले त्यांच्या नातवंडांनाही अजून कुणी गुत्त्यात शेजारी बसवत नाही. आणि ब्रोडीच्या आज्यानं संपापायी घर गमावलं होतं, पण रांग ओलांडली नव्हती.

"लोर्ना," ब्रोडी म्हणाला, "तू सांग. मी काय करू?"

कर्टिसनं तिच्याकडे पाहिलं. लोर्नाला आधी विमा आठवला, मग दोन वर्षं, मग नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण पोराला गाडी बाजूनं घालू नको म्हणायचं, तर आपण स्वतः रोज सकाळी तीच रांग ओलांडून या दुकानात येतो, हेही तिला त्याच क्षणी दिसलं. तिनं डोक्यावरचा फोनचा हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि खुंटीवरचा कोट घेतला. फोनच्या बाकीच्या लाइनी वाजत होत्या. कर्टिस विचारत होता, हे आता कोण उचलणार?

"गाडी मागे घे, ब्रोडी," लोर्ना कोटाच्या बाहीत हात घालत म्हणाली. "आणि आर्विडना सांग, थोडं सरकून बसा म्हणावं. मी येतेय."