कुटकीच्या उताराची वाट

दादा, मी निघाले त्या दिवशी विमानतळावर माझी ट्रॉली तू ढकलत होतास. आई पर्समध्ये लाडवांचा डबा कोंबत होती. तेवढ्यात तू सहज विचारलंस, हिमालयातली ती कुटकीची जागा नेमकी कुठे आहे? तुझा धंदा सुक्या औषधी मुळ्यांचा, जंगली कुटकीला भाव केवढा हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी टाळलं. तू म्हणालास, "अगं, उपटायची नाहीये. तिथल्या बायकांना रोपवाटिका करून देऊ." मी गावाचं नाव सांगून टाकलं. माझाच दादा होतास ना.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी त्या गावात देवकीदीदीच्या घरी राहिले होते. झाडं संपतात त्याच्याही वर, महिनोन्महिने बर्फाखाली असणाऱ्या उतारावर कुटकी सावकाश पसरते. तिचं सगळं औषध जमिनीखालच्या खोडात, आणि ते इतकं कडू की चाखल्यावर जेवण गोड लागत नाही. तिथे बी गळून पडल्याशिवाय कोणी कुदळ लावत नाही. खणल्यावर कोंब असलेला तुकडा परत मातीत पुरूनच उठायचं, हे दीदीने मला हात धरून शिकवलं.

आता ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मी त्याच कडू द्रव्यांवर काम करते. परवा फॅमिली ग्रुपवर तुझा फोटो आला. पोत्यांच्या ढिगापुढे तू उभा, गिऱ्हाईक पटल्यावरचं तुझं ते हसू, आणि मागे तो उतार, पार उकरलेला. पोत्यांतून कोवळे कोंब डोकावत होते. आईने खाली टाळ्या टाकल्या होत्या.

मी देवकीदीदीला फोन लावला. ती चिडलीसुद्धा नाही. "तेरे भाई ने तेरा नाम लिया, तभी तो मैंने रास्ता दिखाया," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

तुला विचारलं, तर म्हणालास, आपण नाही तर दुसऱ्या कोणी नेलीच असती. संतापाने मी फोन कापला. शेजारी बसलेली माझी लेक विचारत राहिली, "मम, आर यू ओके?"

आई म्हणते, दिवाळीला ये, घर तुझंच आहे. असेल. पण माझं नाव सांगितलं की उघडतील अशी दोनच दारं तिकडे होती. एक तू माझ्याच नावाने बंद केलंस. दुसऱ्या दारामागे तू राहतोस.