घरच्या कॉम्प्युटरला एंटरप्राइज डिस्क

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर लाइट बिलं, लेकीचे शाळेचे प्रोजेक्ट आणि सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ, एवढाच ऐवज होता. त्यासाठी मी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बसवतात ती एंटरप्राइज हार्ड डिस्क आणली.

बायकोने, म्हणजे मानसीने, सांगितलं होतं इतकंच, की जुनी डिस्क कुरकुरायला लागलीये, बाबांचा व्हिडिओ जायच्या आत साधी नवी घेऊन ये. सासरे मागच्या वर्षी वारले. त्यांचा आवाज उरला होता तो त्या व्हिडिओतच, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागलेला. मी मात्र पेटलो! आठवडाभर यूट्यूब पालथं घातलं. वाशीचा दुकानदार बिचारा सांगत होता की सर, घरी डेस्कटॉपवाली मस्त चालते. घरी? मला? अहो, ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी लोक मला हाक मारतात! मी त्यालाच रात्रंदिवस चालणं, लांबलचक वॉरंटी वगैरे ऐकवलं. आमचा कॉम्प्युटर फक्त रविवारी उघडतो, हे सांगायचं तेवढं राहिलं.

सगळा डेटा नव्या डिस्कवर घेतला, जुनी फॉरमॅट केली आणि घणसोली गावातल्या भंगारवाल्याला देऊन टाकली. फॉरमॅट कशाला, तर सिक्युरिटी! (आमच्या लाइट बिलांवर कोण टपून बसलं होतं, देव जाणे.)

वर्षश्राद्धाला सासूबाई चिपळूणहून आल्या, मेहुणा नितीनही आला. जेवणं उरकल्यावर सासूबाई कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसल्या. मी डिस्कचे गुण गायला घेतले. कोणी ढुंकून बघेना. पडद्यावर सासऱ्यांनी माइक घेतला, घसा खाकरला, "मंडळी, एक सांगतो" म्हणाले आणि चित्र थिजलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. एरर!

नितीन महाप्याच्या एका कंपनीत सर्व्हरच सांभाळतो. त्याने सांगितलं की नव्या डिस्कवरही एखादी जागा खराब निघते. घरगुती डिस्क अशा जागेवर हटून बसते, वाचून होईपर्यंत झटत राहते. ही ऑफिसची डिस्क मात्र जरा अडलं की लगेच हात वर करते, कारण तिथे तोच माल शेजारच्या डिस्कवरही असतो.

"म्हणजे दुसरी बघून घेईल म्हणून ही मोकळी?" मानसीने विचारलं.

"हो ताई."

"आणि इथे दुसरी कुठाय?"

नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे.

"जावईबापू, नुसता आवाज तरी येईल का हो?" सासूबाई म्हणाल्या. शप्पथ सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नितीनने एक प्रोग्राम लावला. तो त्या खराब जागेला पुन्हा पुन्हा तेच विचारत बसला. दुपारभर मी न सांगता सारखा चहा करत होतो. संध्याकाळी एकदाचा तो तुकडा हाती लागला. पंचाहत्तरीला हे भाषण चाललेलं तेव्हा मी केटररशी भांडत होतो, त्यामुळे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मंडळी, एक सांगतो," सासरे म्हणाले, "आमच्या जावयांना मिक्सर आणायला कधी सांगू नका. ते पिठाची गिरणी घेऊन येतील."

सासूबाई पदर डोळ्यांना लावून हसत राहिल्या. मानसीने रडत-हसत तेवढं वाक्य चार वेळा लावलं. डिस्क एकदाही अडली नाही.