उमरेड ते महाल, मागासोबत पायी

यजमान गेले त्याच वर्षी आमच्या कोष्टी समाजानं ठरवलं, की आपले पूर्वज हातमाग घेऊन उमरेडहून नागपुरात कसे आले ते चालून दाखवायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यासाठी माग हवा होता आणि यजमानांचा घरात नुसता पडून होता. मी म्हटलं, न्या, पण मीही चालेन.

मंडळाच्या श्यामरावांचा एकच नियम होता: पायी किंवा बैलगाडीनं येईल तेच महालातल्या मैदानावर मांडायचं. मोटारीवरचं काही चालणार नाही. आमचा माग खड्ड्यावर बसतो, म्हणून तिथे खड्डाही खणून ठेवला होता. गंमत म्हणजे त्यासाठी माग आधी ट्रकनं उमरेडला न्यावा लागला!

तुम्हाला हा रस्ता चालायचा असेल तर हिवाळ्यातच निघा. पायात जुनी चप्पल घाला, नवी चावते. आम्ही एसटीनं उमरेडला गेलो, तिकीट तेव्हा दोन-तीन रुपये असेल. पहाटे माग बैलगाडीत घालून तिथून निघालो. दोन्हीकडे तुरीची शेतं, मध्ये डांबर. पाचगावला मुक्काम केला. गावकऱ्यांनी ज्वारीची भाकर, झुणका आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी आलं तरी सगळ्यांनी पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दिघोरीजवळ डाव्या बैलानं रस्त्यातच बसकण मारली. आम्ही पडलो विणकर. उसन्या बैलाच्या खुरांना नाल आहे की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. डांबरानं खूर सोलून निघाले होते.

गाडी हाकणारा माझा दीर गणपत म्हणाला, "पूर्वजाइले असा बैल भेटला असता, तं आपण सारे उमरेडलेच राहिलो असतो!"

श्यामराव हसले नाहीत. "वहिनी, टेम्पो बोलावतो. माग घरी पाठवू."

"अन् मैदानात काय मांडाल? रिकामा खड्डा?"

"मंग काय डोक्यावर नेता?"

"खांद्यावर."

विणलेलं कापड ज्यावर गुंडाळतात ते लांब लाकूड धोतरात बांधलेलं होतं. पांढरं, आडवं. ते कशासारखं दिसतं हे सगळ्यांनाच कळलं. कुणी पुढे होईना. मी पदर खोचला तशी जाऊ सुशीला कुजबुजली, "अवं, बाईनं खांदा देऊ नये. लोकं काय म्हणतीन?"

"त्यायले म्हणू दे. यजमानाइले नेलं त्या दिवशी मले दारातच थांबवलं होतं. आज कोण थांबवते पाहू."

मी पुढचं टोक उचललं. थोडा वेळ मागचं टोक जमिनीवरच होतं. मग ते वर आलं. वळून पाहिलं तर सुशीलाच होती.

मागाचे बाकीचे भाग ज्याच्या त्याच्या डोक्यावर गेले. पुढे बायका आणि पुरुष आलटून पालटून खांदा देत राहिले, पण पुढचं टोक मी सोडलं नाही. सक्करदऱ्यापासून गर्दी वाढू लागली. गच्चीवरून फुलं पडत होती, कुणी गुळपाणी देत होतं. महालाच्या बोळात सायकलरिक्षावाले आपणहून बाजूला झाले. मैदानात खणलेल्या खड्ड्यावर माग उभा राहिला, गणपत बसला आणि त्यानं सुताचा धोटा फेकला. खटकन आवाज आला. घरात कित्येक महिने न ऐकलेला! माणसांनी केवढी आरोळी ठोकली म्हणून सांगू.

घरी आल्यावर सुशीलानं माझा सुजलेला खांदा मिठाच्या पुरचुंडीनं शेकला. "लई दुखते का वं?"

दुखत होता, आठवडाभर दुखला. यजमानांसाठी दुखायला हवा होता, तो खांदा उशिरा का होईना दुखला. दुखणं कमी होऊ लागलं तेव्हा मी सुशीलाला शेकणं बंद करायला सांगितलं; ते एवढ्यात जायला नको होतं.