चौकीतलं जाड रजिस्टर

माझी मुलगी दहावीत असताना तिने क्लासमधल्या एका मुलीचा मोबाइल उचलला. तेव्हा मोबाइल म्हणजे केवढं अप्रूप! पकडली गेली. चौकीतल्या हवालदार बाई म्हणाल्या, "केस करत नाही. सहा महिने दर शनिवारी इथे यायचं, समुपदेशक बाईंशी बोलायचं, कॉम्प्युटर शिकायचा. पोरीच्या नावावर काही राहणार नाही. इथे सही करा."

"अहो, पोलीस कधीपासून फुकट शिकवायला लागले?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचाच मला जास्त संशय आला. उद्या आमच्या बिबवेवाडीत कुठे काही हरवलं की पहिलं दार आमचं वाजणार, याची मला खात्रीच होती. पण सही नाही केली तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाणार. केली बाई सही.

दर शनिवारी ब्लाउजांची शिलाई टाकून मी चौकीतल्या बाकड्यावर जाऊन बसायचे. तिथे एक जाड रजिस्टर होतं, त्यात कोण काय लिहितंय यावर माझा डोळा. त्यांचा चहासुद्धा घेतला नाही मी. आणि घरी एकच नियम: आल्याबरोबर दप्तर माझ्यापुढे उघडायचं. दुधाने तोंड पोळलं होतं ना, ताकही फुंकून पीत होते.

पोरगी शिकली, हडपसरला आयटी कंपनीत लागली. कंपनी तिला परदेशी पाठवणार होती. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येणार म्हटल्यावर माझ्या मनात एकच आलं: आता निघणार ते रजिस्टर!

रविवारी हवालदार आले. पोरगी मान खाली घालून बसलेली. मला राहवेना. "साहेब, हिच्या नावावर तिकडे काही...?"

"काही नाही हो काकू. का, असायला हवं होतं?"

मेल्याचा रागच आला. पण ते जिना उतरले तशी मी ढसाढसा रडले. पोरगी म्हणाली, "आई, पुरे आता. पेढे आणते."

अर्ध्या तासाने परत आली आणि रोजच्यासारखी बॅग माझ्यापुढे ठेवून तिने चेन उघडली. आत पेढ्यांचा पुडा होता. त्यावर दुकानाची पावती, मला आधी दिसेल अशी ठेवलेली.

ती पकडली गेली त्या दिवशीही मला इतकी लाज वाटली नव्हती.