फळ्याकडून वळून बोलणाऱ्या जाधव मॅडम

जाधव मॅडमची आणि माझी खरी ओळख त्यांच्या वहीतून झाली. त्या वहीत माझ्या नावापुढे पानोपानी एकच शेरा होता : 'लक्ष नाही'. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि पहिल्यांदा तीच वही आठवली.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात मॅडम अर्थशास्त्र शिकवत. वर्गात कोण किती शिकतं आणि कोण का मागे पडतं, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. मुलं नापास झाली की बाकीचे प्राध्यापक मुलांच्या नावाने बोटं मोडून मोकळे होत. मॅडम मात्र नोंदी ठेवत. फळ्यावर लिहिता लिहिता त्या प्रश्न विचारत आणि मग वळून कोणी उत्तर दिलं, कोण गप्प राहिलं ते टिपून घेत. तीन वर्षांनी निष्कर्ष निघाला, की लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या मुलांचं वर्गात लक्ष नसतं. प्रबंध टाइप होऊन, बांधून तयार झाला. त्यावर त्यांची बढतीही अवलंबून होती.

मी त्याच मुलांपैकी. सकाळी कॉलेज, दुपारनंतर कामतघरला लूमवर ड्युटी. वर्गात ठोंब्यासारखा बसे, पेपर मात्र पुस्तकं वाचून बरा लिही. आपल्याला शिकवलेलं समजत नाही म्हणून कॉलेज सोडायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वहीतला मी आणि पेपरातला मी यांचा मेळ मॅडमना बसेना. दुसऱ्या कोणी माझ्या एका पेपराकडे काणाडोळा केला असता. मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं, वही पुढ्यात ठेवली आणि मी कधीच उत्तर का देत नाही, ते शांतपणे विचारलं. मी घाबरत खरं ते सांगितलं.

"मॅडम, तुम्ही फळ्याकडं वळल्या का, काय समजत न्हाय. तोंड दिसाया पायजे."

लूमच्या खडखडाटात आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. आपला कान अधू झालाय, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना एवढंच ऐकू येत असेल असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्याच दिवशी मॅडम आमच्या कारखान्यात आल्या. पलीकडच्या लूमवरून आमच्यातल्या जुन्या कारागिरांनी, चाचांनी, त्यांना चहा घेणार का म्हणून विचारलं. आम्हा सगळ्यांना ते कळलं, मॅडमना नाही. तासभर त्या तिथे उभ्या राहून आमचे चेहरे बघत होत्या.

प्रबंध आहे तसा देऊन टाका, कोणाला कळणार आहे, असं प्राचार्य म्हणाले. मला कळलंय ना, एवढंच मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तो प्रबंध दिलाच नाही. मग वर्गात येऊन त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमचं लक्ष नाही असं मी तीन वर्षं लिहिलं. मी तुमच्याकडे पाठ करून विचारत होते. चूक माझी आहे. मला माफ करा."

प्राध्यापक मुलांची माफी मागतात, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं तेच समजेना.

मॅडमनी सगळ्या नोंदी नव्याने सुरू केल्या. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं, अशी सवय त्यांनी हाताला आणि जिभेला लावली. मला ठाण्याला नेऊन कान तपासून आणले आणि पहिल्या बाकावर बसवलं. नव्वदच्या दशकात त्यांचा नवा प्रबंध पूर्ण झाला, तोवर मीही शिकवायला लागलो होतो.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. मॅडम स्वयंपाकघरातून काहीतरी बोलत होत्या आणि मध्येच थांबल्या. हातात गाळणी तशीच घेऊन दारात आल्या, माझ्याकडे तोंड केलं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साखर किती घालू, एवढंच विचारायचं होतं त्यांना.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचं बोलणं मला अजून पुष्कळ वर्षं असंच समोरून दिसत राहो.