मोकळं कपाळ

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना मी पहिल्यांदा एकच सांगते, "काही दिवस काहीच लावू नका." साबण आणि मलम विकणाऱ्या बाईनं हे सांगणं म्हणजे हलवायानं उपास करायला सांगण्यासारखं आहे. नवरा म्हणतो, अशानं धंदा चालायचा नाही. चालतो, रडतखडत.

धंदा म्हणजे घराची मागची खोली, दोन शेगड्या आणि दारापाशी एक आरसा. माझी स्वतःची कातडी नाठाळ. नव्या कापडाची खळ लागली तरी अंगावर गांधी उठायच्या, त्यात सोलापूरचं ऊन. बाजारातलं काही सोसेना म्हणून स्वतःपुरता साबण करायला लागले आणि त्याचा व्याप झाला. वास नाही, रंग नाही, फेस बेताचा. "मग ह्यात हाय तरी काय?" असं गिऱ्हाईक विचारतं. मला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

वळसंगची ती मुलगी मात्र स्वतःहून आली नव्हती. तिला नवऱ्यानं आणली होती. तो दुधाची गाडी चालवायचा. खोलीत न येता दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का, हिचं कपाळ बघा की जरा."

तिनं टिकली काढली आणि सवयीनं माझ्या आरशावर चिकटवली. टिकलीखाली तेवढाच गोल, पांढरा डाग होता. त्वचेच्या डॉक्टरांना त्यांनी आधीच दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हे कोड नव्हे, टिकलीच्या गोंदानं कातडीचा रंग गेलाय. टिकली बंद करा, कपाळ मोकळं ठेवा, दिलेलं औषध लावा, हळूहळू भरून येईल.

आता यात अवघड काय आहे? काहीच नाही. फक्त नवरा जिवंत असलेल्या बाईनं कपाळ मोकळं ठेवायचं होतं.

सासूला ते मंजूर नव्हतं. तिच्या लेखी हा डाग म्हणजे कोडच. घरात ती कन्नडमध्ये 'तोन्नू' म्हणायची आणि सुनेचं ताट वेगळं ठेवायची. चार माणसांत दिसू नये म्हणून तिनंच मोठ्या टिकल्या आणून दिल्या. मोठ्या टिकलीनं डाग मोठा झाला, मग त्याहून मोठी टिकली. असा तो सगळा शहाणपणा. सुनेला तिनं बजावलं होतं, आणखी वाढलं तर मैंदर्गीला, माहेरी, कायमचं पोचवीन.

मी मधला मार्ग काढला. जुन्या बायका मेण लावून त्यावर कुंकू लावायच्या, तसं मी मधमाशीचं मेण आणि घरच्या हळदीचं कुंकू करून दिलं. डॉक्टर त्यालाही नको म्हणाले असते, पण गोंदापेक्षा बरं. ते एका लग्नापुरतं टिकलं. मांडवातल्या उकाड्यात मेण पाघळलं, कुंकू नाकावर ओघळलं. सासूनं भर मांडवात तिचं तोंड पदरानं पुसलं आणि पिशवीतून टिकली काढून चिकटवली.

त्यानंतर मी सासूलाच बोलावून घेतलं. ती आली. ताठ बाई, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी म्हटलं, "अहो, तुमच्यात विभूती लावतात ना? मग हिलाही काही महिने नुसती विभूतीच लावू द्या. राखेनं काही होत नाही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्या घरावर दगड मारलाय.

"नुसती इभूती माझ्यासारखीनं लावायची, बाई. हिचा धनी हाय की अजून. तुमी असलं बोलू नका."

मला संताप आला. मी म्हटलं, धनी आहे तोच म्हणतोय कपाळ मोकळं ठेव म्हणून. ती उठून गेली. चहाचा कप तसाच राहिला.

नवरा मात्र बायकोच्या बाजूनं उभा राहिला. "मी हाय की. आईचं मी बघतो," एवढंच म्हणाला. ती सासूसमोर टिकली लावायची आणि पाठ वळली की काढायची. दूध घालून परत आला की तो तिची हनुवटी धरून तिला दारातल्या उजेडात न्यायचा, डाग भरतोय का बघायला. हे तिनंच मला लाजत सांगितलं होतं. एकदा त्यानं फोन केला. "अक्का, कडंला बारीक बारीक ठिपकं आल्यात. काळं. चांगलं हाय का वाईट?" चांगलं आहे, म्हटलं, रंग परत येतोय. फोनवर तो इतका मोठ्यानं हसला की मीही हसले.

उसाचा हंगाम चालू होता. पहाटेच्या अंधारात अक्कलकोट रोडवर उसानं भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. तिच्या मागे ना दिवा, ना लाल पट्टी. त्याची दुधाची गाडी मागून तिच्यात घुसली.

मला कळलं ते त्यांच्याच गल्लीतल्या एका गिऱ्हाइकाकडून. तिनं मलम परत आणलं होतं. नजर चुकवत म्हणाली, "तिची सासू समद्यास्नी सांगतीया, सोलापूरच्या बाईनं सुनेचं कपाळ मोकळं करायला लावलं, म्हणून माझा ल्योक गेला." मी ओरडलेच तिच्यावर. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नव्हता, त्याचं कुणाला काही नाही. बाईच्या कपाळावर लाल ठिपका नव्हता म्हणे! ती बिचारी मलमाची डबी ठेवून निघून गेली. वळसंगहून पुन्हा कोणी आलं नाही. त्याचं मला दुःख नाही असं म्हणणार नाही, पण ते सोसता आलं. ती मुलगी त्या घरात रोज काय ऐकत असेल, ते मनातून जाईना. तिला फोन करायचं धाडस मला झालं नाही. फोन सासूनं उचलला असता तर?

पुढच्या उन्हाळ्यात ती आली. अपघाताच्या केसच्या कामाला भावाबरोबर सोलापूरला आली होती. भाऊ बाहेर रिक्षापाशी थांबला. सासूनं तिला मैंदर्गीला पोचवलं होतं, कायमचं.

ती दारात आली तेव्हा माझी नजर सवयीनं आधी कपाळावर गेली, आणि मला चक्क आनंद झाला. क्षणभरच. मग कळलं मी काय बघतेय ते. कपाळावर टिकली नव्हती, कुंकू नव्हतं. नुसती विभूती. मी सासूला सांगितलं होतं, अगदी तेच.

मी तिला पाणी दिलं. पेला खाली ठेवून ती म्हणाली,

"डाग भरला का न्हाय, कळंना मला. आरशात नीट दिसत न्हाय." मग पदराच्या टोकानं तिनं विभूती पुसली. "तुमीच बघा की, अक्का. रोज बघायचे, ते आमचे ह्येच."

मी तिची हनुवटी धरली आणि तिला दारातल्या उजेडात नेलं. कपाळ सगळं एकाच रंगाचं होतं. कुठं काही झालं होतं असं वाटूही नये, इतकं.

"भरला," मी म्हटलं.

"व्हय?" ती म्हणाली, आणि माझ्या हातात हनुवटी तशीच ठेवून रडायला लागली.