दारातली शिंदी

दारात शिंदी लावायची म्हटल्यावर आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील, घरात कुणीतरी पिणारं आहे." शिंदी म्हणजे रानखजुरीचं झाड, पण ह्यांच्या डोक्यात शिंदी म्हणजे ताडी, एवढंच. म्हटलं, म्हणू देत. रोप मामांसाठी आणलंय, लोकांसाठी नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. दौलताबादचं शेत वाट्यानं देऊन ते आमच्याकडं चिकलठाण्याला आले, आणि आल्यापासून त्यांचं कशातच मन लागेना. एकदा मात्र आपणहून म्हणाले, "बांधावरल्या शिंदीची फळं लई खाऊ वाटतात, बाई." झालं. त्याच बांधावरून मी एक रोप मातीसकट खणून आणलं. काट्यांनी हात सोलून निघाले.

शेजारच्या वहिनींनी नर्सरीतून महागाचा पाम आणला होता. आमच्या शिंदीकडं बघून त्या नाक मुरडायच्या. एका डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि त्यांचा पाम गोणपाटात गुंडाळूनही करपला. आमची शिंदी उघड्यावर ढिम्म उभी. मला भारी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मामा रोज सकाळी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. "फळं खाऊनच जाणार मी," म्हणायचे. दर वर्षी ते थोडे वाळत गेले, झाड वाढत गेलं. मी मनात म्हणायची, मामांच्या तोंडी ही फळं लागतील ना?

यंदा पहिला फुलोरा आला. मामांना आता नीट दिसत नाही. मी एक तुरा तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो झटकला, तळहातावर पिठासारखी भुकटी पडली.

"हा तर गडी निघाला," ते म्हणाले. "नराला फळ धरत न्हाय."

मला रडूच कोसळलं. एवढी वर्षं पाणी घातलं ते या मेल्यासाठी?

"रडती कशाला? आणखी चार रोपं आण. देवा, त्यातली एखादी तरी पोरगी निघू दे."

माझं डोकंच फिरलं. माझी दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा हाच माणूस दवाखान्यात बाळाकडं पाठ करून बसला होता. इतकी वर्षं गिळलेलं मी बोलून टाकलं, "मामा, माझ्या वेळेला देवाला असं काही म्हणाला नव्हतात."

त्यांनी तळहातावरची भुकटी धोतराला पुसली. मग म्हणाले, "तवा अक्कल नव्हती, बाई. चुकलं माझं. पोरींना बोलव. रोपं त्यांच्या हातानं लावू."

थोरली पुण्याहून आली, धाकटी इथंच असते. रविवारी दोघींनी खड्डे खणले. मामा खुर्चीतून सांगत होते, अजून खोल घ्या.

"आबा, फळं यायला लई वर्षं लागतील," धाकटी म्हणाली.

"लागू दे," मामा म्हणाले. "तुमच्या पोरी खातील."